वाढलेलं जंगल आधी काय होतं? खारेपाटातला बांध आणि तिवर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षीच्या प्रगती-सादरीकरणात मी एक आलेख दाखवला होता. आडव्या अक्षावर 1987 ते 2021 ही वर्षं, उभ्या अक्षावर महाराष्ट्रातल्या कांदळवनांचं क्षेत्र. आकडे भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांतले, म्हणजे सरकारी आणि सहज मिळणारे. 1987 ला 140 चौरस किलोमीटर, 1999 ला 108, 2013 ला 186, 2021 ला 324. रेघ आधी थोडी खाली जाते आणि मग चढतच राहते. मी वर ठळक अक्षरांत शीर्षक दिलं होतं, ‘संवर्धनाचं यश’.

समितीत भूगोलाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी बराच वेळ आलेखाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, “हे वाढलेलं जंगल आधी काय होतं?”

मी म्हटलं, “चिखल असेल सर.” मागे कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. “असेल म्हणजे? बघून या.”

त्या एका प्रश्नाने माझा प्रबंध बदलला. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा मंडळींना हे सांगायचं कारण असं, की आपण विज्ञानवाले लोक इतिहासाला प्रस्तावनेतले दोन परिच्छेद समजतो. माझ्या बाबतीत इतिहास हाच मुख्य डेटा निघाला, आणि त्यातला काही माझ्या आजोळच्या ओटीवर बसून मिळाला.

माझं आजोळ पेण तालुक्यातल्या खारेपाटात. रायगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पेण, अलिबाग, पनवेल, उरण या भागांत खाडीच्या पाण्याला मातीच्या बांधाने अडवून भातशेती करतात. त्या अडवलेल्या जमिनीला खार म्हणतात आणि अशा गावांच्या पट्ट्याला खारेपाट. बांधाच्या बाहेर भरती-ओहोटी, आत भात. पावसाळ्यात पावसाचं गोडं पाणी मातीतलं मीठ धुऊन खाली ढकलतं, तेवढ्या चार महिन्यांत पीक घ्यायचं. उन्हाळ्यात तेच मीठ वर येऊन जमिनीवर पांढरा पापुद्रा धरतं. या मिठाला टिकणारे भाताचे वाणही इथलेच. काळा राता, भुरा राता ही नावं आजही पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या कामात येतात. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ देणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी दारं. तंत्र साधं आहे, पण त्याला कायम हात लागतो. चिंबोरीने बांधात एक बीळ केलं आणि ते वेळेत बुजवलं नाही, तर पुढच्या अमावास्येच्या उधाणात तिथूनच खांड जाते. खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. खारेपाटातल्या कोणत्याही घरात ‘खांड गेली’ एवढं म्हटलं, की जेवण टाकून माणसं उठायची.

आता दुसरी बाजू, झाडांची. खाडीकाठी भरतीच्या पाण्यात उभं राहणारं हे जंगल म्हणजे खारफुटी किंवा कांदळवन. त्यात तिवर, चिपी, कांदळ, काजळा, मारांडी अशी वेगवेगळी झाडं-झुडपं येतात आणि प्रत्येकाची मीठ-चिखल सहन करायची तऱ्हा वेगळी. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतो, पान चाटून बघा, जिभेला कळेल. त्याची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप खाली पडतं. तिवराचं बीही झाडावरच आतून रुजलेलं असतं, फक्त सालीबाहेर आलेलं नसतं. पावसाळ्यात ही फळं गळतात, भरतीवर तरंगतात, आणि जिथे मऊ, उघडा, रोज भिजणारा चिखल मिळेल तिथे आठवड्याभरात मूळ धरतात.

आता विचार करा: पिढ्यान्‌पिढ्या नांगरून सपाट केलेली, झाडझुडूप नसलेली, चिकणमातीची जमीन. बांधामुळे आत गाळ येणं थांबलेलं, म्हणून बाहेरच्या चिखलवाटेपेक्षा थोडी खोल. तिचा बांध फुटतो. पहिल्या वर्षी भात मरतो. दुसऱ्या वर्षी गाळ बसायला लागतो. पावसाळ्यात भरतीबरोबर तिवराची फळं आत येतात आणि ओहोटीला तिथेच अडकतात. तिवराला याहून चांगली रोपवाटिका कोण करून देणार?

आमच्या खारीची खांड गेली तेव्हा मी चौथीत होते. दोनदा गावाने बुजवली. तिसऱ्यांदा नाही बुजली. का नाही बुजली, हा या सगळ्या लेखातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर झाडांच्या जीवशास्त्रात नाही.

त्यासाठी जरा मागे जाऊ. 1883 च्या कुलाबा जिल्हा गॅझेटियरमध्ये ‘शिलोत्री’ जमिनींचा उल्लेख येतो. समुद्राकडून बांध घालून मिळवलेली जमीन ती शिलोत्री. ज्याने बांध घातला आणि राखला तो शिलोत्रदार, आणि बांध राखण्याच्या बदल्यात कुळांकडून भाताचा वेगळा हिस्सा घ्यायचा त्याला हक्क. म्हणजे बांधाची देखभाल ही कोणाच्या तरी मालकीशी, उत्पन्नाशी आणि अर्थातच सत्तेशी बांधलेली होती. ही व्यवस्था गोड नव्हती. खोत आणि सावकारांच्या जाचाविरुद्ध याच खारेपाटात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. तो 1939 पर्यंत चालला. इतकी वर्षं जमीन न कसता लोकांनी काढली. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, 1949 मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि कसणारा मालक झाला. आमच्या आजोबांच्या नावावर सातबारा आला तो यातूनच. त्यांच्या पिढीसाठी त्या कागदाची किंमत काय होती, हे मला लिहून सांगता येणार नाही.

पण बांधाचं काय? जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटता येते, बांध वाटता येत नाही. दीडशे घरांच्या शेतांना मिळून एकच बाहेरकाठा. तो राखायला 1948 मध्ये मुंबई खार जमीन कायदा झाला, मंडळ नेमलं गेलं. पुढे 1979 मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. कागदावर जबाबदारी सरकारकडे गेली. गावात मात्र घरटी एक माणूस पाठवून उन्हाळ्यात बांधाला चिखल लावायची जुनी सवय काही वर्षं तशीच चालू राहिली. ती सुटत गेली 1980 च्या दशकापासून. थळला खतकारखाना आला, नागोठण्याला पेट्रोकेमिकल आलं, पेणच्या गणपती कारखान्यांत बारमाही काम मिळायला लागलं. मामाचंच उदाहरण घेते: कारखान्यातल्या एका पाळीचे पैसे आणि खारीतल्या एका दिवसाच्या चिखलकामाचं मोल, यांची तुलनाच नव्हती. त्याला दोष कोण देणार? आणि सरकारी दुरुस्ती यायची ती निधी येईल तेव्हा. उधाण काही निधीची वाट बघत नाही.

गोव्यात हीच गोष्ट वेगळ्या नावांनी घडलेली दिसते. तिथे खारीला खाजन म्हणतात, उघाडीला मानस, आणि बांध राखायची जुनी जबाबदारी गावकारी म्हणजे कोमुनिदादीकडे होती. 1961 नंतर जमीनधारणेचे कायदे बदलले, कुळांना हक्क मिळाले, जे योग्यच होतं, पण सामुदायिक बांधाची देखरेख सैल पडली. तिथेही अनेक खाजनांत आज खारफुटी उभी आहे. माझ्या प्रबंधात गोवा नाही, पण तुमच्यापैकी कोणाला तुलनात्मक अभ्यास करायचा असेल तर विषय तयार आहे.

आता मुंबईकडे वळते, कारण आपल्याकडे खारफुटीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो तिथे. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1905 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई इलाख्यातल्या खारफुटींवर लेख लिहिला. त्याच सुमारास थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ खंडाखंडाने येत होता. 1951 मध्ये बी. एस. नवलकर यांनी त्याच जर्नलमध्ये मुंबई आणि साष्टी बेटांवर खारफुटी कोणत्या क्रमाने वाढत जाते, आधी कोण येतं, मागून कोण, यावर लिहिलं. आधी येणाऱ्यांत तिवर आणि चिपी. नवीन चिखलावर पहिलं पाऊल त्यांचं.

मी हे जुने लेख वाचायला घेतले तेव्हा माझी समजूत होती, की यांतून ‘मूळ’ जंगल कसं होतं ते कळेल. म्हणजे माणसाने हात लावण्यापूर्वीचं. पण ब्लॅटर यांनी लिहिलं तेव्हा मुंबईची बेटं जोडून झालेली होती. वरळीची खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड 1780 च्या दशकातला. साष्टीच्या खाड्यांना मिठागरांचे आणि खारींचे बांध लागलेले होते. थोडक्यात, आपल्याकडे असलेली सर्वांत जुनी शास्त्रीय नोंदसुद्धा बांध घातलेल्या किनाऱ्याची नोंद आहे. विद्यार्थ्यांना माझं सांगणं असं, की तुमच्या अभ्यासात ‘मूळ स्थिती’ हा शब्द लिहिताना कोणत्या वर्षाची, कोणी बघितलेली, हे बाजूला लिहून ठेवा. मला ते लिहिता येईना, म्हणून तो शब्द मी प्रबंधातून काढला.

मुंबईने पुढे काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. भराव, कचराभूमी, वसाहती. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे खाडीपलीकडच्या खारी, मिठागरं, खाजणं यांवर नवी मुंबई उभी राहिली. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण भागात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं आणि गोळीबारात पाच जण मारले गेले. हे मी मुद्दाम इथे घालते आहे. पर्यावरणाच्या पुस्तकांत ही घटना सापडत नाही, ती भूसंपादनाच्या इतिहासात सापडते. जमीन मात्र एकच.

कायद्याची बाजू थोडक्यात. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने खारफुटीला पहिल्या, सर्वांत कडक वर्गात टाकलं. तरी तोड थांबली नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ती चालू असतानाच 26 जुलै 2005 उजाडली. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस, आणि मिठी नदीच्या काठाने काय काय बुजवलं होतं ते सगळ्या शहराला एकाच रात्रीत कळलं. 6 ऑक्टोबर 2005 ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: राज्यभर खारफुटीची तोड बंद, मालकी सरकारी असो वा खाजगी, आणि भोवतालच्या 50 मीटरमध्ये बांधकाम नाही. 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने तर खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग ठरवला. मधल्या काळात 2012 मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. हा आदेश आला नसता तर आज मुंबईच्या आसपास अभ्यासायला फारसं काही उरलं नसतं, असं माझं मत आहे. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी मला आदेशाच्या विरोधात समजू नये, म्हणून आधीच सांगितलं.

आता त्या आलेखाकडे परत येऊ. 140, 108, 186, 324. यात पहिली गोष्ट बघायची ती मोजणाऱ्या डोळ्याची. 1987 चा अहवाल उपग्रहाच्या ज्या चित्रांवरून केला, त्यात एक पिक्सेल सुमारे 80 मीटरचा होता आणि नकाशावर दाखवता येणारा लहानात लहान तुकडा 400 हेक्टरचा, म्हणजे 4 चौरस किलोमीटरचा. कोकणातल्या खाड्यांना खारफुटी कशी असते? काठाने पट्टी धरून. समजा पट्टी 50 मीटर रुंद आहे. तिचं क्षेत्र 4 चौरस किलोमीटर व्हायला ती सलग 80 किलोमीटर लांब हवी! अशी खाडी आपल्याकडे नाही. पुढे नकाशाचं प्रमाण सुधारत गेलं आणि लहानात लहान तुकडा 1 हेक्टरवर आला. आता तीच पट्टी 200 मीटर लांब असली तरी दिसते. गोव्याचे आकडे तर गंमतच आहेत: 2001 मध्ये 5 चौरस किलोमीटर, 2003 मध्ये 16. दोन वर्षांत जंगल तिप्पट होत नाही. चष्मा बदलला की अक्षरं वाढत नाहीत, दिसायला लागतात. महाराष्ट्रातही 2001 ते 2003 मधली 118 वरून 158 ही उडी मी खऱ्या वाढीत धरत नाही.

पण सगळंच चष्म्यावर ढकलता येत नाही. 2015 ला 222 आणि 2017 ला 304, तेव्हा उपग्रहाच्या चित्राचा पिक्सेल 23.5 मीटरचाच होता. यातली काही वाढ लागवडीची, संरक्षणाची. काही गाळाची: ठाणे खाडीत शहराचा गाळ आणि सांडपाणी साचून उघड्या चिखलवाटा उंचावतात आणि तिवर पुढे सरकतो. ही वाढ फ्लेमिंगोंच्या दृष्टीने नफा नाही बरं का. त्यांना चरायला उघडा चिखल लागतो, तिवराच्या मुळांत ते उतरत नाहीत. आणि काही वाढ फुटलेल्या बांधांच्या आतली. भूगोलाच्या सरांना हवं असलेलं उत्तर यात कुठेतरी होतं.

ते शोधायचं कसं? मी केलं ते सांगते. उपग्रहाच्या अलीकडच्या, बारीक चित्रांत खारफुटीचे कडेचे आकार बघितले. खाडीकाठची जुनी खारफुटी पाण्याच्या वळणाने वळते. पण पेण-अलिबागकडे हिरव्या छपरात सरळ रेघा दिसतात, चौकोन दिसतात, एखादी रेघ शंभर-दीडशे मीटर नाकासमोर जाते आणि काटकोनात वळते. ते बुडालेले शेतबांध. मग सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर तीच जागा काढायची. तिथे खारबांधाची रेघ आणि आत शेत दाखवलेलं असतं. मग तलाठ्याकडे सातबारा. पीकपाहणीच्या रकान्यात कोणत्या वर्षापर्यंत ‘भात’ आहे आणि कधीपासून ‘पडीक’, हे ओळीने लिहून काढलं. मग गावात जाऊन विचारायचं, खांड कधी गेली. लोक साल सांगत नाहीत, पण ‘धाकट्याच्या बारशाच्या वर्षी’ असं सांगतात, आणि धाकट्याचा जन्मदाखला असतो. ही चार साधनं एकमेकांवर ठेवली, की एकेका तुकड्याचा इतिहास जुळतो. कंटाळवाणं काम आहे. संगणकावर बसून एका रात्रीत होत नाही. पण तुम्ही जर विज्ञान शाखेतून आला असाल, तर पहिल्यांदा तलाठी कार्यालयात जाण्याची भीती मोडा. मला ती मोडायला सहा महिने लागले.

झाडांतही हा इतिहास उमटलेला असतो. बांधाबाहेरच्या जुन्या काठावर तिवराबरोबर चिपी, कांदळ, काजळा, मारांडी भेटतात, लहान-मोठी, म्हातारी-तरुण. बांधाच्या आत मात्र जवळपास नुसतं तिवर, सगळं एका वयाचं, पटावर उभ्या केलेल्या वर्गासारखं. (राज्याने 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केलं. खारेपाटात वाढतंय ते तिवर.)

माझ्या प्रत्यक्ष पाहणीसाठी संगणकाने नकाशावर विखुरलेले बिंदू काढून दिले होते, प्रत्येक बिंदूवर दोरीने चौकोन आखायचा आणि आतल्या झाडांची मोजदाद करायची. चौदावा बिंदू कुठे आहे ते मी फोनवर बघितलं आणि दोन वेळा खात्री केली. तो आमच्या खारीत पडला होता. आजीला म्हटलं, “आजी, उद्या जंगलात जायचंय, आपल्या खारीकडच्या.”

“जंगल कसला गो?” ती म्हणाली. “श्यात हाय आपला.”

खांड तिसऱ्यांदा का बुजली नाही ते मामाने त्या रात्री सांगितलं. दोनदा गावाने वर्गणी काढून बुजवली तेव्हा भगदाड लहान होतं. तिसऱ्यांदा ते एवढं खोल झालं, की बोटीने दगड आणावा लागणार होता. गावाने अर्ज केला. वर्षं गेली. दुरुस्तीची वेळ आली तेव्हा आत तिवर डोक्याएवढं झालेलं. मग एका कार्यालयात सांगितलं, इथे आता कांदळवन आहे, माती टाकायची तर दुसरीकडून परवानगी आणा. दुसरीकडे सांगितलं, जमीन खाजगी आहे, आधी मोजणी करा. मोजणीवाला आला आणि चिखलात उतरायला तयार होईना. मामा हे हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे 20,000 खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाने परवानगी दिली, जनहिताचा प्रकल्प म्हणून, बदल्यात लागवडीच्या अटीवर. तिथपर्यंत जायला वकील, आराखडे, तज्ज्ञांचे अहवाल लागतात. दीडशे घरांच्या एका गावाच्या बांधाला ते कुठून मिळणार?

उलट बाजूही मामानेच सांगितली, ती लपवणार नाही. तिवर वाढल्यापासून चिंबोरी वाढली, निवट्या वाढल्या, खाडीत जिताड्याची पिल्लं दिसायला लागली. मामी आठवड्याला चिंबोऱ्या घेऊन पेणच्या बाजारात बसते, आणि सध्याच्या भावाने तो पैसा भाताच्या पैशापेक्षा वाईट नाही. शिवाय गावाशेजारचा आतला बांध त्या तिवरामुळे उधाणात शाबूत राहिला, हे तो स्वतः मान्य करतो. बांधाबाहेरचं तिवर तोडायचं नाही, ते लाट मोडतं, ही समज गावात आदेशाच्या फार आधीपासून होती. “झाड नको असं नाही,” तो म्हणाला. “पण आमचं शेत गेलं, हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे.”

ते कुठेच लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावर पडीक. वनाच्या नकाशावर कांदळवन, नैसर्गिक वाढ. माझ्या आलेखावर चढती रेघ. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून आता माझ्या प्रबंधात वाढीची एक रेघ नाही, तीन आहेत: डोळा सुधारल्यामुळे दिसलेली, गाळावर आणि लागवडीतून आलेली, आणि खांड गेल्यामुळे आलेली. तिसऱ्या रेघेतल्या जमिनींना संरक्षण देताना मालकाला काही मोबदला, निदान चिंबोरी-मासेमारीचा पक्का हक्क द्यायचा की नाही, हा प्रश्न धोरणवाल्यांपुढे ठेवायचा तर आधी ती रेघ वेगळी काढून दाखवावी लागते. सध्या तेवढंच माझं काम आहे.

दुसऱ्या दिवशी मामा टेप धरायला आला. ओहोटी लागलेली, गुडघाभर चिखल. मी छातीच्या उंचीवर एकेका झाडाचा घेर मोजत होते, तो आकडे मोठ्याने म्हणत होता. मध्येच त्याचा पाय कशावर तरी टेकला, तो तिथेच थांबला आणि पायाने चाचपत चार पावलं सरळ गेला. चिखलाखाली कडक होतं. “हा आपला बांध,” तो म्हणाला. “इथून पलीकडे शेजाऱ्यांचं.” माझ्या नोंदवहीच्या छापील तक्त्यात जात, घेर, उंची, मुळांची घनता असे रकाने होते. मी कडेला पेन्सिलीने एक रकाना वाढवला, ‘आधीचा वापर’, आणि त्यात लिहिलं: भात, राता, बांध पायाला लागतो.

पुढच्या लेखात जुने छापील नकाशे स्कॅन करून आजच्या उपग्रह-चित्रावर कसे बसवायचे ते पाहू. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण कोपऱ्यांचे बिंदू निवडताना मी ज्या चुका केल्या त्या आधी सांगेन, म्हणजे तुमचे काही आठवडे वाचतील.